आंधळी फेरी

हळबेसरांनी कार्ड उचललं, कोपऱ्यातला आकडा अंगठ्याखाली झाकला आणि वरचं इंग्रजी वाक्य मोठ्यानं वाचलं. वाक्यात जहाजावरच्या डॉक्टरनं एका खलाशाचा मोडलेला हात ‘सेट’ केला होता.

“सांगा, शरयूबाई.”

“हाड बसवणे. सतरावा अर्थ.”

त्यांनी अंगठा काढून पाहिलं. “बरोबर.” पुढच्या वाक्यात पुलाच्या पायात ओतलेलं काँक्रीट सेट झालं होतं.

“घट्ट होणे. एकविसावा. आणि सर, तिथे तुम्ही पुन्हा ‘वाळणे’ लिहिलंय. सिमेंट वाळत नाही. ते पाणी धरून घट्ट होतं. पाण्याखालीसुद्धा होतं.”

“भर पाण्यात कोरडे राहतात ते फक्त आपले मुख्य संपादक,” असं म्हणत सरांनी ‘वाळणे’वर काट मारली.

खिडकीजवळच्या खाटेवरून आवाज आला, “लाव.”

सरांनी मान वर केली नाही. “क्रमांक चार,” असं पुटपुटत ते उठले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. खाटेवरच्या काकूंनी डोळे मिटले. सर परत येऊन बसले आणि त्यांनी पुढचं कार्ड उचललं.

ही सांगलीतली गोष्ट. तिला आता तीसेक वर्षं झाली. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं. कॉलेजांतून दरवर्षी जूनला मिळणारी आणि मार्चला संपणारी नोकरी करून दमले होते, म्हणून इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कार्यालयात शास्त्रीय शब्द बघायला आले आणि तिथेच राहिले. ‘एस’चा खंड एका क्रियापदापाशी अडला होता. ‘सेट’. इंग्रजीत दिसायला तीन अक्षरं, पण त्याच्या वाक्यांच्या कार्डांनी लाकडी खण भरून वाहत होते. ते क्रियापद हळबेसरांकडे होतं. त्यांच्या पत्नीला, मनोरमाकाकूंना, अर्धांगाचा झटका आला आणि सरांचं कार्यालयात येणं थांबलं. मग खण रिक्षात घालून त्यांच्या घरी नेले गेले आणि रोज दुपारी त्यांच्यासमोर बसायला मला नेमलं गेलं.

आमच्या कामाची एक रीत होती. ती सरांनीच घालून दिली होती. एखाद्या शब्दाचे अर्थ वेगळे पाडून झाले की सगळी वाक्यं पिसायची आणि एकानं क्रमांक झाकून वाचायची. दुसऱ्यानं नुसतं ऐकून सांगायचं, हे कितव्या अर्थात जातं. ऐकणारा एकाच दोन अर्थांमध्ये तीनदा चुकला, तर ते अर्थ वेगळे नव्हतेच असं धरायचं आणि त्यांच्यामधली भिंत पाडायची. कितीही मेहनतीनं बांधलेली असली तरी. कार्यालयात याला आंधळी फेरी म्हणत. मुख्य संपादकांनाही तिच्यातून सुटका नव्हती.

आम्हा दोघांनाही त्या क्रियापदाचा थकवा आला होता. मला शहर बस बदलून यावं लागे, आणि सरांची रात्र काकूंची कूस बदलण्यात जाई. दुपारी वाचता वाचता ते मध्येच थांबत, चष्मा कपाळावर ढकलत आणि ‘सेट’ची कुळकथा सांगत. मला ती पाठ झाली होती, पण मी थांबवत नसे. तेवढाच त्यांना विसावा.

“सिट म्हणजे बसणं. सेट म्हणजे दुसऱ्याला बसवणं. एवढ्याच कामासाठी हे जन्माला आलं. मग कुणी म्हणालं, बाबा रे, ताटंही मांड. कुणी म्हणालं, सापळा लाव, घड्याळ जुळव, छापखान्यात खिळे जुळव, हाड बसव. हे नाही म्हणालंच नाही. थोरल्या सुनेसारखं. आणि गंमत बघा, सूर्य सेट होतो तेव्हा तो कुणाला बसवत नाही, स्वतःच बसतो. सुनेनं एवढं केलं, शेवटी स्वतःही टेकली. वस्तूंचा सेट म्हणतो ना आपण, तो मूळचा निराळाच, लॅटिनातून फ्रेंचमार्गे आलेला. पण शेजारी राहून राहून दोघं एका घरातले वाटायला लागले.”

काकू आजारी पडण्याआधी अशा वेळी आतून हाक येत असे, असं ते सांगत. “तुमच्या कोशात ‘जेवायला चला’ला किती अर्थ आहेत, ते एकदा बघून घ्या,” असं काकू म्हणत. ते सांगून सर खाटेकडे बघत आणि हसत. काकूही हसत, अर्ध्या तोंडानं.

झटक्यानंतर काकूंचा उजवा हात आणि पाय गेला. वाचाही गेली, एक शब्द सोडून. “लाव.” भूक लागली तरी लाव, उकडलं तरी लाव. मान हलवून हो-नाही सांगणंही त्यांना धड जमत नसे. नाही म्हणायचं असताना मान होकारार्थी हले आणि मग त्यांनाच रडू येई. डाव्या हातानं बोट दाखवायला गेल्या की हात भलतीकडेच जाई. कामाला येणाऱ्या हौसाबाई म्हणत, “बाई, देवानं नेताना एक तरी धड शब्द ठेवायचा.”

सरांना मात्र तो शब्द धडच वाटत होता. त्यांचं म्हणणं असं, की बसणेपासून बसवणे, तसं लागणेपासून लावणे. इंग्रजीनं जेवढा भार सेटवर टाकला, तेवढाच मराठीनं लावण्यावर टाकलाय. दिवा लावतो, दार लावतो, पंखा लावतो, रेडिओ लावतो, मलम लावतो, झाड लावतो, आगही लावतो. काकूंच्या तोंडी नेमकं तेच उरलं, कारण जन्मभर घरात तेच पुरलं होतं. आणि काकू ते प्रत्येक वेळी निराळ्या सुरात म्हणतात. तोडून म्हटलं तर दार, ओढून म्हटलं तर पंखा, शेवट वर गेला तर रेडिओ. त्यांनी याचे क्रमांकही पाडले होते. मला सूर ऐकू येत नव्हते. पण मला गाण्यातलंही काही कळत नाही, म्हणून मी त्याबद्दल बोलत नसे.

डिसेंबरात त्यांची मुलगी वैजयंती बेळगावहून आली. ती तिथे डॉक्टर होती. त्या वर्षातली ही तिची कितवी फेरी ते तिलाही आठवत नसावं. पिशवी दाराशीच ठेवून ती आईच्या पायथ्याशी बसली आणि बराच वेळ पदरानं स्वतःचा चेहरा पुसत राहिली. मी उठू लागले तर म्हणाली, “बसा शरयूताई. तुमच्यासमोर बोललेलंच बरं. निदान अप्पा आवाज चढवणार नाहीत.”

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्या घरी खालच्या मजल्यावर खोली आहे, दिवसभर नर्स ठेवता येईल, व्यायाम शिकवणारे येतील. इथे अप्पांचं वय झालंय, एका डोळ्यानं नीट दिसत नाही, रात्री आईला उचलताना दोघंही पडली तर कुणाला कळायचंही नाही. अप्पांनीही चलावं. ते येणार नसतील, तर आईला तरी ती घेऊन जाणार. रविवारी गाडी सांगितली होती.

“घरात माणूस पुष्कळ मिळेल तिला,” सर म्हणाले. “पण ती काय म्हणते ते कोण ऐकणार?”

“अप्पा, ती एकच शब्द बोलते.”

“शब्द एक आहे, वैजू. अर्थ एक नाही.”

“आणि ते फक्त तुम्हाला कळतात.”

“मला कळतात.”

वैजयंतीनं आईच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. त्याचा सरांना राग आला असावा. त्यांनी टेबलावरची कार्डं नीट केली, पुन्हा नीट केली आणि म्हणाले, “आंधळी फेरी घ्या.”

तिला रीत ठाऊक होती. लहानपणी जेवणाच्या ताटावर तिची आंधळी फेरी घेतली जात असे. “आईची?” तिनं विचारलं.

“माझी. ती म्हणेल, मी ऐकेन. शरयूबाई बघतील. त्या शास्त्राच्या आहेत, कुणाची बाजू घेणार नाहीत. रविवारपर्यंत वेळ आहे. चुकलो तर घेऊन जा, मी शब्द काढणार नाही.”

मला नको होतं ते. मी तसं म्हटलंही. पण दोघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जसं दमलेली माणसं तिसऱ्यानं ओझं उचलावं म्हणून बघतात. मी हो म्हटलं.

अडचण अशी होती, की परीक्षा घ्यायची तर खरं उत्तर दुसऱ्या एखाद्या वाटेनं आधी माहीत असावं लागतं. कार्डावर ते कोपऱ्यात लिहिलेलं असतं. काकूंच्या बाबतीत ते कुठे होतं? त्या दिवशी मी खुर्ची हलवली आणि खाटेकडे तोंड करून बसले. तोवर मी नेहमी खाटेला पाठ करून बसत होते.

ती वाट सापडली हौसाबाईंमुळे. जागरणामुळे सरांची अंघोळ दुपारवर गेली होती आणि ते आत होते. काकूंनी खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “लाव.” हौसाबाईंनी दिवा लावला. काकूंनी पुन्हा खिडकीकडे पाहिलं. “लाव.” हौसाबाईंनी रेडिओ लावला. मग काकू लाल झाल्या, डाव्या हातानं गादी बडवू लागल्या, लाव लाव लाव. हौसाबाई म्हणाल्या, “अवो, लावलं की समदं, आता काय घराला तोरण लावू?” आणि वैतागून खिडकी ओढायला गेल्या, कारण बाहेरून धूर येत होता. खिडकी लागली आणि काकू शांत झाल्या.

मग मी बघत राहिले. दर वेळी तेच. हात भलतीकडे जाई, मान उलटी हले, पण डोळे आधी त्या वस्तूवर जाऊन येत. क्षणभरच. त्यानंतर शब्द येई. वैजयंती सोबत असताना पाहिलं, तेव्हाही तसंच. तिनं पंख्याऐवजी उशी सारखी केली, तर काकूंनी उशी ढकलून दिली आणि पंखा फिरेपर्यंत तिला सोडलं नाही. तेव्हा माझी खात्री झाली की डोळ्यांवर भरवसा ठेवायला हरकत नाही.

आणि मग मी सरांकडे पाहू लागले.

शनिवारी दुपारी सर खुर्चीतच डुलकी घेत होते. काकूही झोपल्या होत्या. वैजयंतीनं मला स्वयंपाकघरात बोलावलं. तिनं चहा टाकला होता आणि गाळायचा विसरली होती. पातेल्याकडे बघतच तिनं विचारलं, “अप्पा चुकतात?”

“हो.”

“किती?”

“बरोबर येतं त्याहून जास्त वेळा चुकतात. काकू रेडिओकडे बघतात, ते दार लावतात. मलमाकडे बघतात, ते दिवा लावतात. त्यांना काकूंचे डोळे दिसत नाहीत, आणि ते बघतही नाहीत. नुसतं ऐकतात.”

“म्हणजे ते सूर वगैरे काही नाही.”

“मला तरी सापडला नाही.”

तिनं सुटल्यासारखा श्वास टाकला. मग तिच्या कपाळावर आठी आली. “पण मग आई ओरडत का नाही? माझ्यावर तर गादी बडवते.”

“हौसाबाईंवरही बडवतात.”

“आणि अप्पांवर?”

“एकदाही नाही. ते चुकीचं काहीतरी लावून परत खुर्चीत बसले, की त्या डोळे मिटतात. मग पुष्कळ वेळ काही मागत नाहीत. काल पाठीला लावायचं मलम हवं होतं. सरांनी दार लावलं. संध्याकाळी हौसाबाई आल्या, तेव्हा त्यांच्याकडून त्यांनी मलम लावून घेतलं. तोवर थांबल्या.”

वैजयंतीनं चहाखालचा गॅस बंद केला. “म्हणजे अप्पांना कळत नाही, हे तिला कळतं.”

“ते मी सांगू शकत नाही. मी पाहिलं तेवढं सांगितलं.”

“तुम्ही कोशातच बऱ्या, शरयूताई,” ती म्हणाली. ते रागानं नव्हतं. तिनं चहा गाळला. तो कडू झाला होता, तरी आम्ही दोघींनी तो प्यायला.

बाहेर आले तेव्हा सर जागे होऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “निकाल?”

“चुकलात, सर.”

“तीनदा?”

“तीनाहून जास्त. पण सर, त्यात आणखी एक…”

त्यांनी हात वर केला. हा त्यांचा कार्यालयातला हात होता. फेरीत चुकलेला संपादक कारणं सांगू लागला, की सर असाच हात वर करत. “नको. एकदा भिंत पडली की पडली. त्यावर चर्चा करायची नाही, हा नियम मीच केलाय.” चष्मा काढून त्यांनी तो धोतराच्या टोकानं पुसला, बराच वेळ पुसला. मग उठून कपाटातून काकूंची लुगडी काढू लागले. एकेक लुगडं ते डोळ्यांजवळ नेऊन बघत आणि घडी मोडून पुन्हा घालत. मी मदतीला गेले तर म्हणाले, “तुम्ही उद्या लवकर या. सूर्याची कार्डं राहिलीत. ही गेल्यावर मला काहीतरी वाचायला लागेल.”

रविवारी सकाळी मी पोचले तेव्हा पांढरी ॲम्बेसेडर अंगणात उभी होती. मागच्या सीटवर उशा रचल्या होत्या. गार हवा होती, अंगणातल्या पेरूवर अजून दव होतं. घराचं दार सताड उघडं होतं आणि ड्रायव्हर बॅग उचलून उंबऱ्यात उभा होता. काकूंना खुर्चीत बसवलं होतं. वैजयंती त्यांच्या पायात मोजे चढवत होती. सर टेबलाशी कार्डं लावत बसले होते. त्यांची नजर तिकडे जात नव्हती.

काकूंनी दाराकडे पाहिलं. बॅग घेतलेल्या ड्रायव्हरकडे नाही, दाराच्या उघड्या फळीकडे. मी पाहिलं, आणि मोजे चढवता चढवता वैजयंतीनंही मान वर करून पाहिलं. तिला आता कुठे बघायचं ते माहीत होतं.

“लाव,” काकू म्हणाल्या.

वैजयंतीचे हात मोज्यावरच थांबले.

टेबलाशी सरांनी कार्डं खाली ठेवली. ते ऐकत होते. मान किंचित तिरपी, डोळे मिटलेले. मग त्यांचा चेहरा जरा सैल झाला. “पंखा,” ते म्हणाले. “ओढून म्हणाली. ऐकलंत? आता तरी ऐकलंत का?” उठून भिंतीला हात लावत ते बटणापर्यंत गेले आणि त्यांनी पंखा लावला.

डिसेंबरातल्या त्या गारठ्यात पंखा फिरू लागला. टेबलावरची कार्डं फडफडली. काकूंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटले.

मी वैजयंतीकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, जणू मी काही सांगावं. पाहिलं ते मी आदल्या दिवशीच सांगितलं होतं.

ती उठली. दाराशी जाऊन ड्रायव्हरच्या हातातली बॅग घेतली आणि त्याच्याशी कानडीत हळू काहीतरी बोलली. तो खांदे उडवून गाडीकडे गेला. मग तिनं दार लावून घेतलं, आतून, आणि कडी घातली.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

“काही नाही, अप्पा. आज नको. मी चार दिवस आहे, मग बघू. रात्रीची बाई शोधते आधी.”

“फेरीत मी चुकलो होतो.”

“हो. पण आता पंखाच हवा होता तिला.”

सर खुर्चीत बसले. त्यांना काय वाटलं ते मला कधीच कळलं नाही. ते पुष्कळ वेळ त्या फिरणाऱ्या पंख्याकडे बघत होते, निदान तोंड तिकडे होतं. वैजयंतीनं आतून रजई आणली आणि आईला गळ्यापर्यंत गुंडाळलं. स्वतः शाल घेऊन ती जमिनीवर, आईच्या पायाशी टेकून बसली आणि तशीच झोपी गेली.

“कुठे होतो आपण, शरयूबाई?” थोड्या वेळानं सरांनी विचारलं.

“सूर्यापाशी, सर.”

“वाचा.”

कार्डं उडू नयेत म्हणून मी डावा हात त्यांच्यावर दाबून धरला आणि पदर कानावरून ओढून घेऊन वाचायला लागले. पंखा कुणी बंद केला नाही.